न धुतलेलं बोंडलं

डॉक्टरबाबूंनी रबरी नळी सगुणाच्या पाठीला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "न्यूमोनिया."

"म्हंजे का?" मी विचारलं.

मागून कंपाउंडर खेकसला, "चुप बैठ. बाबू को काम करने दे."

बाबूंनी त्यालाच गप्प केलं. रेल्वेच्या दवाखान्यातले हे बंगाली डॉक्टर हिंदीत बोलायचे, तेही थांबून थांबून. म्हणाले, "पहले इन्फ्लुएन्झा हुआ. उसके पीछे ये आया." इन्फ्लुएन्झा म्हणजे तोच साथीचा ताप, ज्याला आमच्याकडे सगळे मानमोडी म्हणत होते. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाला सूज येऊन त्यात पाणी भरणं. लेकरू श्वास घेतं, पण हवेला आत जागाच नसते.

सगुणा अडीच वर्षांची होती. तिच्या नाकपुड्या उडत होत्या आणि दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. हे दोन्ही तुमच्या लेकरात दिसलं तर अंगारा लावत बसू नका, शेजारणीला विचारू नका. उचला आणि दवाखाना गाठा. मी दोन दिवस वाट पाहिली. का पाहिली ते पुढे येईलच, आणि ते सांगताना मला अजून लाज वाटते.

बाबूंनी विचारलं, "घर में किसी को बुखार है?"

"नाई."

"तो बच्ची दिन भर रहती कहाँ है?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा अर्धंच दिलं. पूर्ण आता देते. लिहायला मी उशिरा शिकले, अक्षर वाकडं आहे, पण बोलणं सरळ आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

आम्ही मुर्री गावचे, जातीचे महार. नवरा रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये होता, म्हणून त्या दवाखान्याची पायरी आम्हाला चढता येत होती. मी गोंदियात बिडीच्या कारखान्यात जायची. भिजवलेली तेंदूची पानं कापायची, जर्दा भरायचा, वळायची, दोरा बांधायचा, की पुढची. आम्हा बायकांची लेकरं दिवसभर कुठेतरी ठेवावी लागत. त्यासाठी आवारात एक खोली होती. तिला पोरखोली म्हणत. एरवी ती पानांच्या पोत्यांची कोठीच. पानं वाळून तडकू नयेत म्हणून पोत्यांवर ओलं तरट टाकलेलं असे आणि एकुलती एक खिडकी कायम बंद. त्या ओलसर अंधारात पोरं लोळायची.

तिथे भागरताबाई बसायची. पवारांची विधवा, जिभेने तिखट, पण लेकरांना मारायची नाही, हे तिच्या बाजूने लिहितेच. तिच्याजवळ पितळेचं एक बोंडलं होतं, चोचीची लहान वाटी, लेकरांना पाजायला असते तसं. त्यात तांदळाची पेज घ्यायची आणि बसल्या जागी एकाच्या तोंडून काढून दुसऱ्याच्या तोंडाला लावायची. पवार, कुणबी, कलार, सगळ्यांना एकच बोंडलं. तेवढ्यापुरती जात सैल होती.

आमची पोरं त्या खोलीत नव्हती. ती बाहेर, मोहाच्या झाडाखाली. माझी आई रंभाबाई त्यांना सांभाळायची. भांडी कुठली आमच्याकडे? माय रोज सकाळी पळसाची पानं तोडून द्रोण लावायची. प्रत्येक लेकराला आपला द्रोण, पेज प्यायली की फेकून दिला. पाऊस आला की सगळी पोरं घेऊन ती पडवीच्या कडेला उभी राहायची, पण पागोळ्यांच्या बाहेर. आत एक पाऊल टाकलं की भागरताबाई ओरडायची.

मी याच्यावर कारखान्याच्या मुनीमजींशी भांडले होते. त्या पावसाळ्यात तीनदा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "पोट्टे तुमचे, झाड आमचं. फुकटात सावली भेटून राहिली, अजून का पाहिजे?" मी म्हटलं, "छप्पर." ते हसले. मला ते हसू आजही आवडत नाही.

मग दसऱ्याच्या सुमाराला मानमोडी आली. गाडीने आली म्हणत. स्टेशनावरचे हमाल आधी पडले, मग बाजार, मग कारखाना. बिडीच्या कारखान्यात खोकल्याकडे कोण बघतो? जर्द्याच्या धुळीने सगळेच खोकतात. त्यामुळे कळेपर्यंत पोरखोलीतली निम्मी पोरं तापाने फणफणत होती. त्यांच्या आया ती घरी ठेवत नव्हत्या, कारण घरी राहिलं तर चूल बंद. ताप असलेलं पोर पदराखाली झाकून आणायचं, भागरताबाईच्या ओटीत टाकायचं आणि बिड्या वळायला सुपासमोर जाऊन बसायचं. मी त्यांना नावं ठेवायची. पुढे मी तेच केलं.

झाडाखालची पोरं मात्र धडधाकट. सातही. मोकळी हवा, आपापला द्रोण. पण हे तेव्हा कुणाला कळत होतं? भागरताबाई दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचे पोट्टे पडून राहिले आन यांचे खेरून राहिले. बुढीनं का केलं असंन, तिलेच ठाऊक."

करणी केल्याचा आरोप माझ्या मायवर. ती बिचारी मान खाली घालून द्रोण लावत राहिली. मी उठले तर माझा हात धरून म्हणाली, "बस. तापात बोलून राहिली ते."

खरंच तापात बोलत होती. दुसऱ्या दिवशी भागरताबाई आली नाही. तिची नात मैना तेवढी कुणीतरी तापातच आणून सोडली. पोरखोलीत बसायला बाई नाही. जी उभी आहे ती बिडी सोडून पोरं कशाला सांभाळेल? माल तर गाडीवर चढायलाच हवा होता. तेव्हा मुनीमजी स्वतः मोहाखाली आले. नाकाला उपरणं लावलं होतं.

"रंभाबाई, तू आत बस. तुमचे पोट्टेबी घे. सगरे एकाच जागी."

पवारणी, कुणबिणी कुणी काही बोलल्या नाहीत. एकजण पुटपुटली, "अडीनडीले सगरं चालते." चालतं ना! गरज तुमची असली की सगळं चालतं.

माय म्हणाली, "मी बसतो आत. आपले पोट्टे राहू दे बाहेर. तठी सगरे बिमार हायेत, पोरी."

तिला वाचता येत नव्हतं, इन्फेक्शन हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. इन्फेक्शन म्हणजे एकाच्या श्वासातून, थुंकीतून, उष्ट्यातून रोग दुसऱ्यात जाणं. पण डोळे होते आणि त्या डोळ्यांनी तिने बरोबर पाहिलं होतं. मी ऐकलं नाही. तीनदा भांडून जे मिळालं नाही ते चालत दारात आलं होतं. ते परत पाठवू? मी सगुणाला कडेवर घेतलं आणि उंबरा ओलांडला. बाकीच्या सहा जणांच्या आया माझ्यामागून आल्या.

खोलीत कोपऱ्यात ते बोंडलं होतं. सगुणा कित्येक महिने बाहेरूनच, उघड्या दारातून त्याच्याकडे बघायची. चकचकीत चोच तिला हवी असायची. मी ते उचललं. आत सकाळच्या पेजेचा थर होता, मैनाच्या तोंडचा.

"आण इकडं, राखेनं घासून देतो," माय म्हणाली.

आणि इथे मी चूक केली. आमच्या हातचं भांडं त्या बायका विस्तवावर धरून घ्यायच्या. आमच्या पावलांवर पाणी शिंपडायच्या. मला वाटलं, मी हे घासलं तर त्यांचीच रीत चालवल्यासारखं होईल. मी म्हटलं, "नाई धुवाचं. त्याईच्या उष्ट्यातच पिऊ दे. पाहू दे त्याईले, आमाले इटाळ नाई होत."

सगळ्या बघत होत्या. मी पेज ओतली आणि सगुणाला पाजली. ती चोच चोखत हसली. मी कारखान्यात इतक्या ताठ मानेने कधी बसले नव्हते.

चौथ्या दिवशी तिचं अंग तापलं.

त्या वेळी तिला घरी ठेवायचं होतं, निदान झाडाखाली तरी. पण मी विचार केला, ताप आहे म्हटलं की मुनीमजी म्हणतील, बघा, आत घेतली नि काय झालं. दार पुन्हा बंद. म्हणून मी तिला पदराखाली झाकलं आणि पोरखोलीत नेऊन टाकलं, जशा त्या बायका करायच्या तसंच. दोन दिवस. तिच्यामुळे आणखी कोण आजारी पडलं असेल ते मी मोजलं नाही. आमच्या सातांपैकी आणखी दोघं पडली. त्यातलं एक गेलं. त्याची आई पुढे माझ्याशी बोलली नाही. तिने का बोलावं?

दवाखान्यात खाटा भरल्या होत्या. बाबूंनी आम्हाला बाहेरच्या ओसरीवर जागा दिली. मी भडकले. म्हटलं, इथेही बाहेरच? ते चिडले नाहीत. म्हणाले, "अंदर सब बीमार हैं. इसको खुली हवा चाहिए. मेरा अपना बेटा होता तो उसको भी यहीं सुलाता." मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खोटं दिसलं नाही. पण सहज विश्वास ठेवायची सवय आम्हाला कुणी लावलेली नव्हती.

औषध म्हणजे बाटलीतलं मिक्स्चर. बाटली आपली आपण आणायची. कंपाउंडर ती जमिनीवर ठेवायला लावी आणि वरून धार सोडी, अर्धं बाहेर सांडे. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एक खाच म्हणजे एक डोस. सांडलेल्या औषधाला खाच नसते. पाचव्या दिवशी मी बाटली उचलून त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "नीट भर, नाईतर बाबूले हाक मारतो." त्याने भरली. कडवट, वाकड्या तोंडाने, पण खाचेपर्यंत भरली. दवाखान्यात भीड धरू नका. भीड धरून माणसं मरतात.

दिवसातून चार वेळा छातीला जवसाचं पोटीस. जवस कुटून उकळत्या पाण्यात कालवायचं, फडक्यात पसरायचं, हाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतकं गरम असलं की छातीला बांधायचं. तोंडात उकळून निवलेलं पाणी, चमचा चमचा. मी विचारत राही, ही वाचेल का? बाबू म्हणत, "क्रायसिस तक देखेंगे." क्रायसिस म्हणजे या रोगातला निकालाचा दिवस. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत ताप चढाच राहतो, आणि मग एकदम घाम फुटून उतरतो. किंवा लेकरूच उतरतं. तोवर आपण नुसतं बसायचं. मला बसणं जमत नाही. मी ओसरीचे खांब मोजले, आगगाड्या मोजल्या, भागरताबाईला शिव्या मोजून दिल्या.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी नवरा आला. पायरीवर बसला. मी विचारलं, "माय कशी हाये?" तो म्हणाला, "गेली. सकारीच नेली."

मला ती आजारी पडल्याचंही कुणी कळवलं नव्हतं. पोरखोलीतल्या परक्या पोरांना मांडीवर घेऊन पेज पाजता पाजता तिला ताप आला. शेवटपर्यंत मैना तिच्या मांडीवर होती, म्हणे. मैना वाचली. मी सगुणाला सोडून उठू शकत नव्हते. माझ्या मायला मी शेवटचं पाहिलं नाही. तिचं ऐकलं नाही, आणि तिला पाहिलंही नाही. त्या दुपारी पोटीस नवऱ्याने माझ्या हातून घेतलं आणि स्वतः बांधलं.

त्यानंतर चार दिवसांनी, उन्हं कलताना, सगुणाला घाम फुटला. कपाळ, मान, पाठ. माझं लुगडं भिजलं. मला वाटलं संपलं. बाबू धावत आले, नळी लावली, आणि हसले. तोच क्रायसिस. ताप उतरला होता. सगुणाने डोळे उघडले आणि पेज मागितली. मी ओरडून रडले. कंपाउंडरसुद्धा दारात येऊन उभा राहिला. पुढे तिच्या डाव्या कानाला ऐकू येईनासं झालं. तेवढ्यावर सुटली.

निघताना बाबूंनी आणखी एक शब्द सांगितला. आयसोलेशन. म्हणजे आजारी माणसाला बऱ्या माणसांपासून वेगळं ठेवणं. "यही किया होता तो आधे बच्चे बीमार न होते."

मी कारखान्यात परत गेले तेव्हा खोलीला चुना मारला होता. आणि आमची उरलेली पोरं पुन्हा मोहाखाली होती. भागरताबाई बरी होऊन आली होती, सुकून काडी झाली होती, पण जीभ शाबूत.

"डाक्टरच म्हंते ना, वेगरं ठेवा म्हनून," ती म्हणाली. "तुमी पहिलेपासून वेगरेच."

माझी माय तिच्या नातीपायी मेली, त्याला महिना झाला नव्हता.

मी तिच्या झिंज्या धरल्या नाहीत. तशीच दवाखान्यात गेले. बाबूंना म्हटलं, तुमच्या शब्दाने आम्हाला पुन्हा बाहेर काढलं, आता तुम्हीच निस्तरा. त्यांनी कागद घेतला, लिहिला, शिक्का मारला आणि वाचून दाखवला: ज्याला ताप, तो बाहेर झाडाखाली, ज्याला नाही, तो आत, मग कुणाचंही लेकरू असो. खिडकी उघडी. भांडं ज्याचं त्याचं.

शिक्का बघून मुनीमजी नरमले. त्यातून भागरताबाईला आता पोरं उचलवत नव्हती, आणि खोलीत बसायला दुसरं कुणी तयारही नव्हतं. तिथे मेलेली बुढी दिसते असं बायका म्हणत. मी म्हटलं, "दिसली तर बरंच. मी बसतो." मायच्या जागेवर मी बसले. पोत्यांवरून वाद झाला, पोती हलली. खिडकी उघडली. बोंडलं मी खुंटीला टांगलं आणि प्रत्येकीला आपापली वाटी आणायला लावली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना पळसाचा द्रोण. पवारणीच्या पोरालाही द्रोण. दोन बायकांनी काम सोडलं. सोडू दे.

लेकरं सांभाळणाऱ्या बायांनो, माझं ऐका. सकाळी दारातच पोराच्या मानेला हात लावा. गरम लागलं तर आई कितीही रडली तरी आत घेऊ नका. आया खोटं बोलतात. मीच बोलले होते. पुढे मी दाईचं शिक्षण घेतलं, माता म्हणजे देवीची साथ पाहिली, कॉलरा पाहिला, आणि दरवेळी पहिलं खोटं दारातच ऐकलं.

माझे आभार दोघांचे. बाबूंचे, कारण त्यांनी नळी लावली आणि विचारलेलं सांगितलं. आणि मायचे, जिचे तिला ऐकू जाईल अशा वेळी मी मानले नाहीत. बाकी कुणाचे मानायला मी बांधलेली नाही. साथीने माणसं चांगली होतात असं कुणी म्हटलं तर मला त्याचा राग येतो.

थंडीत ताप पुन्हा फिरला, या वेळी हलका. दारात मी हात लावला ते पहिलं गरम लेकरू निघालं मैना. मी तिला मोहाखाली नेलं, कांबळं अंथरलं आणि निजवलं.

भागरताबाई तरातरा आली. "माह्या नातीले तुमच्या झाडाखाली?"

"आमचं नाई, झाड मुनीमजीचं हाये. त्याईले विचार."

ती उभी राहिली. मग बसली. मोहाखाली, माझ्यापासून हातभर अंतरावर. मैना कण्हत होती, पेज पीत नव्हती. द्रोण तोंडाला लावला की मान फिरवायची. बऱ्याच वेळाने भागरताबाई उठली, खोलीत गेली आणि खुंटीवरचं बोंडलं घेऊन आली. माझ्यापुढे धरलं.

"याच्यानं पेते ते."

मी ते घेतलं. राखेने आतून बाहेरून घासलं, चोचीत काडी घालून साफ केलं. मग तीन दगडांवर पाणी ठेवलं आणि त्यात बोंडलं उकळत सोडलं. ती बघत होती. तिच्या घरी आमच्या हाताचं भांडं असंच विस्तवावर धरत असतील. तिचा चेहरा बदलला. आवाज पहिल्यांदा खाली आला.

"काऊन व? आमचं बोंडलं बाटलं का तुमच्यात?"

पाणी खदखदत होतं. मी म्हटलं, "नाई बाई. माह्या मायचं आयकून राहिली."